आमचे साडूभाऊ आणि पडद्यावरचं प्रेम

प्रेम कसं करतात हे आमच्या साऱ्या महाड-पोलादपूर भागात एकाच माणसाला नीट ठाऊक होतं, आणि तो माणूस हिरड्याचा व्यापारी होता. माझे थोरले साडू. म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकी आम्ही सगळे लग्न झालेले, लेकुरवाळे, संसारात गळ्यापर्यंत बुडालेले लोक. पण साडूभाऊंच्या मते आमच्यापैकी एकानंही अजून प्रेमाला सुरुवात केलेली नव्हती. मी महाडच्या कोर्टात कारकून होतो म्हणून ते मला ‘महाडकर’ म्हणायचे. “महाडकर,” ते एकदा भर पंगतीत मला म्हणाले, “तुमचं लग्न झालं हो, पण तुमची पहिली भेट अजून व्हायचीय.” वाढायला आलेली आमची ही भाताचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि मला त्या दिवशी वरण मिळालं नाही.

बघणाऱ्याला मात्र त्यांच्यात प्रेमाचं नाव दिसलं नसतं. बुटकी, रुंद मूर्ती, कानावर केस, आणि हिरडा निवडून निवडून काळपट पिवळी पडलेली बोटं. पोलादपूरच्या बाजारपेठेच्या टोकाला त्यांची वखार होती. डोंगरवाड्यांतली माणसं डोक्यावरून हिरडा आणून तिथं टाकायची. तो वाळवून, गोण्यांत भरून साडूभाऊ महाडच्या बंदरातून गलबतानं मुंबईला पाठवायचे आणि मागोमाग आपण आगबोटीनं जायचे. मुंबईत त्या हिरड्यानं कातडी कमावत. एवढा तुरट धंदा करणारा हा माणूस माल विकला गेला की कोट झटकायचा आणि सरळ सिनेमाला जाऊन बसायचा. मूकपट हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसे. सिनेमा म्हणजे सिनेमा, आणि तो बोलत नसे, जसा चंद्र बोलत नाही. साडूभाऊ तिथं दोन हातरुमाल घेऊन जात. एक स्वतःसाठी आणि दुसरा शेजारी जो कोणी बसेल त्याच्यासाठी, कारण तो बिचारा काही तयारीनं आलेला नसणार.

मुंबईहून परतले की ते पहिल्यांदा महाडला आमच्याकडं उतरत, आणि अंगावर आगबोटीचा खारट वास असतानाच सिनेमा सांगायला लागत. नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. एकदा नायकानं नदीकाठी नायिकेचा हात कसा हातात घेतला हे दाखवायला त्यांनी माझा हात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग दूर कुठेतरी सावित्री नदीच्या पलीकडच्या डोंगरांकडे पाहिलं. तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली, दारात थबकली आणि तशीच परत गेली. “बघा,” साडूभाऊ हात न सोडता म्हणाले, “असं बघायला वेळ लागतो. तुम्ही लोक बायकोकडे घड्याळाकडं बघितल्यासारखं बघता. वाजले किती ते कळलं की झालं.”

रस्त्यानं जाणाऱ्या नवराबायकोंवरही त्यांची नजर असे. आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको बरीच मागं, असं चालायची रीत. एके दिवशी कापडे गावचा एक गडी वखारीवरून निघाला होता. मागून डोक्यावर गाठोडं घेतलेली त्याची बायको येत होती. साडूभाऊंनी त्याला हाक मारली.

“अरे, थांब रे जरा. बायको कुठं आहे तुझी?”

“ती काय, मागं येतेय.”

“मग वळून बघ की एकदा तिच्याकडं.”

गडी घाबरला. “का वो शेट? काय पडलं काय तिचं?”

“काही पडलेलं नाही. नुसतं बघ.”

शेटचा हिरड्याचा व्यवहार होता, त्यामुळं नाही म्हणता येईना. गडी वळला आणि बायकोकडे बघत उभा राहिला. बायको लांबूनच ओरडली, “काय झालं वो? बरं नाय वाटत काय?” गडी गोंधळून हसला. तीही पदर दाताखाली धरून हसली. साडूभाऊंनी मला कोपरानं ढोसलं. “सुरुवात अशीच होते,” ते कुजबुजले, आणि पुढं दिवसभर त्यांनी कोणाच्याही हिरड्याला नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी वखारीच्या ओट्यावर सिनेमा सांगायचा कार्यक्रम असे. ऊन डोंगराच्या कडेवर जाऊन बसलेलं, खाली भातखाचरांवर निळसर धूर पसरलेला, वाळत घातलेल्या हिरड्यांचा वास, आणि ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेली वाड्यांवरची माणसं. त्यांतल्या पुष्कळांनी पडदा म्हणून काही असतो हेसुद्धा पाहिलेलं नव्हतं. साडूभाऊ सांगत, आणि त्या माणसांच्या डोळ्यांपुढं राजवाडे उभे राहत, बागांतली कारंजी उडत, गवाक्षातून कोणीतरी एक फूल खाली टाके आणि ते फूल खाली पोचेपर्यंत ओट्यावर कोणी श्वास घेत नसे. मात्र साडूभाऊंच्या सिनेमात प्रेम करणारं कोणी मरत नसे. ते त्यांना चालतच नसे. शिमग्याला घरी आलेल्या एका गिरणीतल्या पोरानं एकदा मध्येच तोंड घातलं, “शेट, ती मरते वो शेवटाला. म्या सोता बघितलाय.”

साडूभाऊंनी शांतपणे विचारलं, “तू कधी गेला होतास?”

“दिवाळीत.”

“हं. मी त्यानंतर गेलो होतो. तोवर तिला बरं वाटलं होतं.”

ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “बरी झाली गो बाय,” एकजण म्हणाली, आणि त्या पोराकडे सगळ्यांनी अशा नजरेनं पाहिलं की बिचारा वेळेआधीच मुंबईला परत गेला.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की हा माणूस स्वप्नाळू, घरात लक्ष नसलेला असणार. तसं नव्हतं. त्यांच्या सिनेमाच्या वेडाचं मूळ घरातच होतं. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणत असू, बहिरी होती. जन्मापासून नव्हे. लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती. विषमज्वरातून उठली ती कान गमावूनच. पोटीही काही नव्हतं. बोलणं शाबूत होतं, पण आपला आवाज केवढा आहे हे तिला कळेनासं झालं होतं. ती कुजबुजली तरी बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. उलट साडूभाऊ! वखारीत गरजणारा हा माणूस घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की आवाज बाहेरच ठेवून आत यायचा. आक्का ओठांवरून सगळं वाचायची, मग आवाज कशाला लागतो? त्या घरात नवरा नुसते ओठ हलवी आणि बायको गावाला ऐकू जाईल अशी उत्तरं देई. त्यामुळे साडूभाऊंनी काय विचारलं ते कोणालाच कळत नसे, पण “आज पडवळ नको, काल तुमचं पोट बिघडलं होतं,” हे मात्र साऱ्या पोलादपूरला कळे.

यात गंमत होती तशी दुसरी बाजूही होती. हळदीकुंकवाला, कीर्तनाला आक्का जायची तेव्हा सगळ्याजणी हसल्या की ती कोणाच्या तरी तोंडाकडं बघायची आणि मागाहून, एकटीच हसायची. ते मागाहूनचं हसू इतर कोणी मनावर घेत नसे. तिचं तिलाच ते लागे. हळूहळू तिनं माणसांत जाणंच सोडलं. मागच्या परसात बसायची, गाईशी बोलायची. गाईला तिच्या आवाजाचं काही वाटत नसे.

साडूभाऊ पहिल्यांदा सिनेमा पाहून आले तो दिवस मला आठवतो. कोणा अडत्यानं त्यांना आग्रहानं नेलं होतं. परत आले ते आगबोट लागते त्या दासगावच्या धक्क्यावरून तडक आमच्या घरी. डोळे लाल. मला वाटलं, माल बुडाला. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “महाडकर, तिथं सगळेच बहिरे असतात हो! शेठ, हमाल, पारशी, बायका, सगळे. कोणाला एक अक्षर ऐकू येत नाही, आणि सगळे एकाच वेळी हसतात. एकाच वेळी रडतात. कोणी मागं राहत नाही.” एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि कोटाच्या खिशात हातरुमाल शोधायला लागले. तेव्हा त्यांच्याकडं एकच असायचा.

पण आक्काला मुंबईला न्यायचं कसं? तिला आगबोटीची धास्ती, आणि गर्दीची त्याहून जास्त. शेवटी दिवाळीनंतर महाडात नदीकाठच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू आला, तेव्हा साडूभाऊंनी डाव टाकला. धाकटी बहीण अंथरुणाला खिळली आहे असं सांगून ते तिला महाडला घेऊन आले. आम्हाला निरोप मिळाला तो त्यांच्या आधीच्या मोटारीनं. आमच्या हिला घाईघाईनं घोंगडी पांघरून निजावं लागलं. आक्का आल्या आल्या कपाळाला हात लावून बघते तो काय, थंडगार! ताप आत गेलाय असं ठरवून तिनं असा एक कडू काढा केला की तो प्यायल्यावर आमची ही खरोखरच आजारी दिसायला लागली. संध्याकाळी साडूभाऊंनी ओठ हलवून सांगितलं की वैद्यांनी रोग्याला करमणूक सांगितली आहे. आक्का एवढंच म्हणाली, “मग सगळेच जाऊ.” आळीतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं, आणि शेजारची दोन घरंही निघाली.

तंबूत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर. साडूभाऊंनी दोराला अगदी खेटून जागा धरली. दोराच्या पलीकडे आक्का. मागं एकजण मशीन खर्रर्र करत हातानं फिरवत होता. उजेडाचा तो लांबलचक झोत डोक्यांवरून जात होता, त्यात विड्यांचा धूर वळत होता, पाकोळ्या चमकून जात होत्या, आणि समोरच्या चादरीएवढ्या पडद्यावर एक राजकन्या तळ्याकाठी बसली होती. मधूनमधून अक्षरं उमटत आणि ज्यांना वाचता येई ते मोठ्यानं वाचून बाकीच्यांना सांगत. आक्काला अक्षर येत होतं. सुरुवातीला ती अंग चोरून बसली होती. मग राजपुत्र आला. झाडाआडून त्यानं राजकन्येकडे पाहिलं. तो बघतच राहिला. इतका वेळ की तळ्यातलं पाणी हलायचं थांबलं असावं. सारा तंबू गप्प. आणि त्या शांततेत आक्का दोरापलीकडच्या नवऱ्याला, आपल्या मते अगदी हळू, म्हणाली, “इश्श! असं बघायला तुम्हाला कधी जमलं नाही हो!”

तंबू हसला. पडद्याशेजारी बाजाची पेटी वाजवणारा हसला, मशीन फिरवणारा हसला आणि राजपुत्र क्षणभर तिथंच अडकला. मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर भीती होती. त्यांना वाटलं, आता ही उठून जाणार, आणि पुन्हा कधी येणार नाही. पण आक्कानं आजूबाजूला पाहिलं. किती वर्षांनी असेल कोणास ठाऊक, लोक कशाला हसताहेत ते तिला पुरतं ठाऊक होतं. तोंडाला पदर लावून ती हसायला लागली, सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या वेळेला. साडूभाऊंनी दोन्ही हातरुमाल बाहेर काढले, आणि शेजारच्याला त्यातला एकही दिला नाही.

त्यानंतर तंबू महाडात असेपर्यंत आक्का आमच्याकडेच राहिली. हिचा आजार साडूभाऊंनी वाढवत नेला. पुढं पुढं तर बायका आक्काच्या शेजारची जागा धरायला धावू लागल्या, कारण एक नवीनच गोष्ट उघडकीला आली होती. पडद्यावरची माणसं बोलताना ओठ हलवीत, आणि ते खरोखर काय बोलताहेत हे त्या तंबूत एकट्या आक्कालाच कळत होतं. एका सिनेमात नायक नायिकेपुढं गुडघे टेकून, छातीवर हात ठेवून, डोळ्यांत प्राण आणून काहीतरी विनवत होता. पडद्यावर अक्षरं उमटली: प्रिये, तुझ्यावाचून माझ्या जीवनात अंधार आहे. तंबूतल्या बायकांनी डोळे पुसले. आक्का मात्र खुदकन हसली आणि म्हणाली, “छे गं! तो म्हणतोय, लवकर आवरा, माझ्या पायाला मुंग्या आल्यात!”

बायकांचा तर हसून हसून जीव जायची वेळ आली. साडूभाऊंना मात्र ते जिव्हारी लागलं. हा नायक त्यांच्या फार आवडीचा होता. त्या गुडघे टेकण्यावर त्यांनी वखारीच्या ओट्यावर कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. झोपाळ्यावर बसून पायानं भुई रेटत राहिले. चहाच्या वेळेला एकदम उठले आणि मला माजघरातून बोलावून घेतलं. चेहरा उजळलेला.

“महाडकर, माझ्या लक्षात आलं. अहो, पायाला मुंग्या आलेल्या असताना ज्याच्या डोळ्यांत एवढं प्रेम मावतं, त्याच्या मुंग्या गेल्यावर किती मावत असेल!”

कोर्टातल्या कारकुनानं निकाल लिहून घ्यावा तशी मी मान डोलावली.

असे काही हिवाळे फार सुखाचे गेले. तंबू आला की आक्का येई, आणि येताना दोघं मोटारीत शेजारी शेजारी बसून येत. माणसांत जायची तिची भीतीही मोडली. हळदीकुंकवाला तीच सिनेमे सांगायला लागली आणि बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मग एकदा मुंबईहून साडूभाऊ परत आले ते नेहमीसारखे बोलेचनात. चहा झाला, पान झालं. शेवटी मीच विचारलं.

“सिनेमा कसा होता?”

“चांगला होता. आता बोलतात सगळे.”

“म्हणजे आवाज येतो? माणसांचा?”

“येतो ना. फार बोलतात हो,” ते म्हणाले. “एकमेकांकडं बघायला त्यांना आता फुरसतच नाही.”

आक्काला त्यांनी काही सांगितलं नाही. ओट्यावरही कोणी विचारलं तर म्हणत, यंदा जमलं नाही. पण शिमग्याला मुंबईची पोरं आली, आणि तोच गिरणीतला पोरगा वखारीपुढं हातवारे करत सांगायला लागला, “शेट, आता टॉकी आली हाय टॉकी! फुल गाना हाय, बोलना हाय!” वखारीला लागून असलेल्या घराच्या खिडकीतून आक्का त्याच्या तोंडाकडं बघत होती. संध्याकाळी ती साडूभाऊंना म्हणाली, “मला न्या.” त्यांनी पुष्कळ सबबी सांगितल्या. “न्या म्हणते ना,” ती म्हणाली, आणि पोलादपूरला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

पुढच्या हिवाळ्यात महाडातही दुसऱ्या एका तंबूवाल्याचा बोलपट आला; इंजिन, भोंगा, सगळं घेऊन. आम्ही चौघं गेलो. तोच उजेडाचा झोत, तोच धूर. पण आता अक्षरं उमटत नव्हती. भाषा हिंदुस्थानी, त्यामुळे ओठ वाचूनही आक्काला काही लागेना. बागेतल्या प्रवेशात नायक पाठमोरा उभा राहून लांबलचक गाणं म्हणत राहिला. लोक माना डोलवत होते. मग कोणीतरी काहीतरी विनोद केला आणि तंबू हसला. आक्कानं चमकून शेजारणीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मागाहून हसली.

ते साडूभाऊंनी पाहिलं. ते उठून उभे राहिले आणि दोराशी वाकून, हातवारे करून, ओठ हलवून तिला सांगायला लागले. त्यांची रुंद सावली पडद्यावर पडली. नायिकेच्या तोंडावर साडूभाऊंचे हात फिरू लागले. मागून आरडाओरडा झाला. “ए शेट, बसा खाली!” “कोन हाय रे तो?” साडूभाऊ बसेनात. ते सांगतच राहिले, घाम पुसत, नायकही तेच आणि नायिकाही तेच. तेव्हा आक्कानं दोरावरून हात घालून त्यांच्या कोटाची बाही ओढली, आणि तिच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, बसा. तुम्ही तरी ऐका.”

मागचा आरडाओरडा थांबला. भोंग्यातलं गाणं तेवढं चालू राहिलं. साडूभाऊ बसले. शेवटपर्यंत दोघं बसून राहिली, पण पडद्याकडे दोघांपैकी कोणी बघत होतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर साडूभाऊंनी बोलपट पाहिला नाही. आक्कालाच त्याचा त्रास व्हायला लागला. “माझ्यापायी तुम्ही का सोडता? जा, आणि येऊन मला सांगा,” असं म्हणून ती त्यांना महाडला पिटाळी. ते येत. आमच्याकडं जेवत, झोपाळ्यावर बसत, संध्याकाळ झाली की डोळे मिटून मंद झोके घेत. तंबूकडं पाऊलही टाकत नसत. मग पोलादपूरला जाऊन तिला अख्खा सिनेमा सांगत, आमच्या झोपाळ्यावर बसून रचलेला. त्यात तळी असत, चांदणं असे, गवाक्षं असत, आणि बोलत मात्र कोणीच नसे. आपली ही युक्ती आक्काला कळली नाही याची त्यांना खात्री होती. एकदा महाडला आमच्याकडं आली असता आक्कानं आमच्या हिला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “तुमच्या झोपाळ्यावरचा सिनेमा मात्र फार छान असतो हं. त्यांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून.” सुदैवानं साडूभाऊ तेव्हा पोलादपूरला वखारीत होते, नाहीतर तिच्या आवाजात ते त्यांना आक्कानंच सांगितलं असतं.

शेवटचा प्रसंग एका माघातला. जुना तंबूवाला, ज्यानं आम्हाला पहिला सिनेमा दाखवला होता, तो बैलगाड्यांवर सामान लादून घाट चढायला निघाला होता. बोलपटाचं यंत्र घेणं त्याला झेपलं नव्हतं. खाली कोणी विचारीना, म्हणून वर देशावरच्या जत्रांत काही जमतं का ते बघायला चालला होता. बैलांना विसावा द्यायला तो पोलादपूरला थांबला, आणि साडूभाऊंनी त्याला हलू दिलं नाही. आम्हालाही बोलावणं आलं. दिवेलागणीला वखारीतल्या गोण्या एका बाजूला सारल्या, भिंतीवर धुवट धोतर ताणून बांधलं आणि मशीन खर्रर्र करायला लागलं. वाड्यांवरची माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळी घोंगड्या घेऊन आली होती. इथं मध्ये दोर नव्हता. साडूभाऊ आणि आक्का पुढं, गोण्यांना टेकून, शेजारी शेजारी बसली. दोघांचेही केस पांढरे झाले होते.

रिळं पार जुनी झालेली. पडद्यावर सारखा पाऊस पडल्यासारखं दिसे, आणि जोडून जोडून अक्षरांचे तुकडे कुठेकुठे गळून गेले होते. तळ्याकाठच्या प्रवेशात राजपुत्र राजकन्येजवळ आला, तिच्याकडे बघत राहिला, मग मान झुकवून काहीतरी बोलला. अक्षरं आलीच नाहीत. त्याचं तोंडही पुसट झालं होतं. आक्कालासुद्धा ओठ वाचता येईनात. तिनं नवऱ्याच्या हाताला स्पर्श केला. “काय म्हणाला हो?”

साडूभाऊ तिच्याकडे वळले. मशीनचा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. त्यांनी ओठ हलवले. काहीतरी म्हणाले, बराच वेळ, सावकाश. आवाज अर्थातच नव्हता. आक्का त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली, आणि कान गेल्यापासून पहिल्यांदाच असेल, तिनं मोठ्यानं उत्तर दिलं नाही. नुसता हात त्यांच्या हातात राहू दिला.

“काय म्हणाले हो भावोजी?” आमच्या हिनं मला विचारलं.

“मला कसं कळणार?” मी म्हटलं. “मला ऐकू आलं नाही.”

आता ती दोघंही नाहीत. पुढच्या हिरड्याच्या हंगामाआधीच आक्का गेली, आणि साडूभाऊ त्यानंतर फार राहिले नाहीत. पण मला वखारीतल्या त्या रात्रीनंतरची सकाळ सांगायची आहे. आम्ही दोघं पहिल्या मोटारीनं महाडला निघालो. दरीत धुकं भरलेलं होतं, मोटार इतकी खडखडत होती की शेजारच्याचं बोलणंही कानावर येत नव्हतं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्याकडे तोंड वळवलं आणि, काय मनात आलं कोणास ठाऊक, नुसते ओठ हलवले.

“काय?” ती ओरडली.

मी मान हलवली, काही नाही म्हणून. पण ती पुन्हा खिडकीकडे वळली नाही. सावित्रीचा पूल येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.